आगीनंतरच्या आजारात सोबत : खान्देशातील निवृत्त फायरमनांच्या मदतसेवेविषयी

ज्या सेवेविषयी हे लिहीत आहे तिला नोंदणीकृत नाव नाही, कार्यालय नाही आणि पावतीपुस्तकही नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील नगरपरिषदा, महापालिका आणि कारखाने यांच्या अग्निशमन विभागांतून निवृत्त झालेली काही मंडळी, आपल्या खात्यातील कोणाला कर्करोगाचे निदान झाल्याचे कळले की त्याच्या घरी जाऊन उभी राहतात. सोबत एक जाड निळी फाईल आणतात, म्हणून लोक त्यांना ‘फाईलवाले’ म्हणतात. माझे थोरले बंधू तापीकाठच्या एका नगरपरिषदेच्या बंबावर चालक होते. निवृत्तीनंतर त्यांच्या मूत्राशयात गाठ निघाली आणि तेव्हापासून आमच्या घराने ही सेवा जवळून वापरली आहे. सेवा विनामूल्य आहे. तरीही तिचे गुण आणि उणिवा दोन्ही लिहिल्या पाहिजेत, कारण अशा वेळी घर इतके गोंधळलेले असते की दारात आलेल्या प्रत्येकावर विश्वास ठेवला जातो.

दरवर्षी १४ एप्रिलला मुंबई गोदीतील १९४४ च्या स्फोटात कामी आलेल्या ६६ जवानांना मानवंदना दिली जाते, अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, शाळकरी मुलांना बंब दाखवला जातो. आगीतून सुखरूप परतलेला माणूस वीस-पंचवीस वर्षांनी अंथरुणाला खिळतो तेव्हा मात्र त्याच्या आजाराचा आणि नोकरीचा काही संबंध असेल, असे त्याच्या खात्याच्याही मनात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०२२ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे झालेल्या बैठकीनंतर अग्निशमनाच्या कामाला, माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, आणि मूत्राशयाचा कर्करोग या दोहोंबाबत तिने पुरावा पुरेसा मानला. मोठे आतडे, प्रोस्टेट, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) यांबाबतचा पुरावा मर्यादित ठरवला. अमेरिकेत शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को येथील सुमारे ३०,००० जवानांची जी मोठी पाहणी झाली तीत, सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत कर्करोगाचे निदान ९ टक्क्यांनी आणि कर्करोगाने होणारे मृत्यू १४ टक्क्यांनी अधिक आढळले.

हे आकडे आमच्या घरी आलेल्या फाईलवाल्यांपैकी नानांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि त्याच दमात भाऊंना विचारले, “विडी किती वर्षं ओढली?” मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान आहे आणि भाऊ अर्धे आयुष्य विडी ओढत होते. ती गोष्ट झाकून सगळा दोष आगीच्या माथी मारण्याचा मोह कोणालाही झाला असता. फाईलवाले तसे करीत नाहीत. तुमचा आजार कशामुळे झाला हे आम्ही ठरवू शकत नाही, तुम्ही काय काय श्वासात घेतले तेवढे लिहून ठेवू शकतो, असे ते स्पष्ट सांगतात. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो याच बोलण्यामुळे.

त्यांची पद्धत मुळात बाहेरून आलेली आहे आणि ते ती लपवीत नाहीत. लॉस एंजेलिस काउंटीच्या अग्निशमन दलातील मायकेल ड्युब्रॉन यांना स्वतःला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्यानंतर त्यांनी २००५ मध्ये ‘फायरफायटर कॅन्सर सपोर्ट नेटवर्क’ ही संस्था सुरू केली. निदान झालेल्या जवानाला कागदपत्रे आणि माहिती नीट लावून ठेवण्याचा संच विनामूल्य द्यायचा आणि शक्यतो त्याच प्रकारच्या कर्करोगातून गेलेला दुसरा जवान त्याच्याशी जोडून द्यायचा, ही त्या संस्थेच्या कामाची दोन मुख्य अंगे. आपल्याकडच्या मंडळींनी तीच दोन अंगे घेतली, आणि शिधापत्रिकेपासून रेल्वेच्या सवलतीपर्यंतचा सगळा देशी पसारा त्यांत घातला.

फाईलचे तीन भाग आहेत. पहिल्यात तपासण्यांचे अहवाल तारखेनुसार लावलेले असतात आणि सर्वांत वर एका पानावर आजवरचा इतिहास मोजक्या ओळींत लिहिलेला असतो, त्यामुळे नव्या डॉक्टरांपुढे बसल्यावर पिशवीतून कागद उपसावे लागत नाहीत. दुसरा भाग पैशाचा. शिधापत्रिका, आधार, निवृत्तिवेतनाचा आदेश, बिले आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद यांत असतात. या योजनेचे संरक्षण आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ती केशरी किंवा पिवळ्या शिधापत्रिकेपुरती राहिलेली नाही, हे आमच्या गल्लीतील निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही. अंगीकृत रुग्णालयात शिरल्यावर आधी ‘आरोग्यमित्र’, म्हणजे या योजनेचा तिथला मदतनीस, कुठे बसतो ते विचारा आणि पैसे भरण्याआधी त्याच्याकडे जा, एवढे एक वाक्य नानांनी पानाच्या डोक्यावर लाल शाईने लिहून दिले होते. त्या वाक्याने आमचा बराच खर्च वाचवला.

तिसरा भाग मात्र मी इतर कोणत्याही मदतसंस्थेकडे पाहिलेला नाही. त्याला ते ‘वर्दीची पाने’ म्हणतात; वर्दी म्हणजे आग लागल्याची केंद्रावर आलेली खबर. माणसाने नोकरीत ज्या मोठ्या वर्द्यांना हजेरी लावली त्या एकेक आठवून लिहायच्या : साल, ठिकाण, जळत काय होते, किती वेळ काम चालले, तोंडाला काय बांधले होते, परतल्यावर अंघोळ केव्हा केली. नाना संध्याकाळी ओट्यावर भाऊंसमोर बसत आणि विचारत जात. खान्देशातील आगी म्हणजे काय, हे मला त्या ओट्यावर कळले. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, दाबलेल्या कापसाच्या गाठी वरून विझलेल्या दिसतात, पण आत धग दिवसेंदिवस जिवंत असते. एकेक गाठ फोडून, पसरून, भिजवावी लागते. ज्वाळा नाहीत म्हणून या वेळी कोणी मुखवटा लावत नाही, आणि सगळा धूर तेव्हाच छातीत जातो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया आणि पाइप यांचे कारखाने दाटीने उभे आहेत. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, घसा सोलून निघतो, आणि काजळीत चिकटून जे उरते ते कपड्यांवर व मानेवर बसून घरी येते. जुन्या गोदामांवरचे सिमेंटचे पत्रे उष्णतेने फटाफट फुटतात आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. शिरपूरजवळ वाघाडी येथील रासायनिक कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी झालेला स्फोट वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचला, पण ज्यांची बातमी चार ओळींची झाली किंवा झालीच नाही अशा आगींनी ही पाने भरलेली आहेत. ‘तोंडाला काय बांधले’ या रकान्यात भाऊंच्या पहिल्या पंधरा वर्षांसमोर एकच शब्द आहे : पंचा. ओला पंचा ठिणगी अडवतो, मोठे कण थोडेफार अडवतो. बेंझिनसारख्या रसायनाची वाफ त्यातून सरळ आत जाते.

या पानांचा उपयोग काय, असे मी त्यांना विचारले होते, आणि आजही तो प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. कॅलिफोर्नियात १९८२ पासून आणि कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात २००२ पासून असा कायदा आहे की ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या जवानाला कर्करोग झाला, तर तो कामामुळे झाला असे धरून चालायचे; तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. आपल्याकडे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याला व्यावसायिक आजारांची अनुसूची जोडलेली होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही ती आहे, पण तीत अग्निशमनाचे काम म्हणून वेगळी नोंद नाही, त्यामुळे सगळे सिद्ध करणे कामगाराच्याच गळ्यात पडते. अशा स्थितीत वर्दीची पाने हा एकमेव लेखी आधार ठरतो. आमच्या बाबतीत जुन्या वर्दी-नोंदवह्यांच्या प्रती मागितल्यावर संबंधित कार्यालयाने आधी ‘वाळवी लागली’ असे तोंडी सांगितले. नानांनी शांतपणे माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसवले आणि ३० दिवसांची मुदत संपत आली तेव्हा वाळवीतून काही वह्या सुखरूप निघाल्या. भरपाईचा एक रुपयाही अद्याप हाती आलेला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. फाईल केली की पैसे मिळतात अशा समजुतीने कोणी या मंडळींकडे जाऊ नये.

दुसरे अंग सोबतीचे. नाना स्वतः धुळ्याकडच्या एका दलातून निवृत्त झालेले, आणि त्यांनाही मूत्राशयाचाच कर्करोग होऊन गेलेला. भाऊंना पाहताच ते खाटेवर शेजारी टेकले आणि म्हणाले, “घाबरू नको भाऊ, मी बी याच वाटवरथी उनू.” (मीही याच वाटेवरून आलो.) डॉक्टरांनी समजावून सांगितलेल्या गोष्टी घरातील कोणाच्याही डोक्यात शिरल्या नव्हत्या, त्या नानांनी सांगितल्यावर शिरल्या. दुर्बिणीतून गाठ काढून झाल्यावर भाऊंना बीसीजीचे डोस ठरले होते. क्षयाच्या लसीतले दुर्बळ केलेले जिवंत जंतू नळीवाटे मूत्राशयात सोडतात, आठवड्याला एक याप्रमाणे सहा आठवडे. औषध साधारण दोन तास आत धरून ठेवायचे असते, आणि त्यानंतरचे सहा तास लघवीला बसूनच जायचे, भांड्यात ब्लीच ओतायचे, पंधरा मिनिटे थांबून मग पाणी सोडायचे. रुग्णालयाच्या छापील कागदावर हे सगळे होते. नानांनी त्यात जी भर घातली ती कागदावर नसते : पहिल्या रात्री जळजळ इतकी होते की औषध चुकले असे वाटते, दुसऱ्या दिवशी अंग कसकसते, आणि लघवीत लाली दिसली तरी लगेच काही बिघडले असे धरू नये, ताप चढून उतरलाच नाही तर मात्र घरी न थांबता रुग्णालय गाठावे. डॉक्टरांचे काम डॉक्टरांवर सोडून फक्त आपला अनुभव सांगण्याची ही मर्यादा नानांनी एकदाही ओलांडली नाही. काढा, भस्म, गोमूत्र, अमुक गावचा वैद्य, यांपैकी काहीही त्यांनी सुचवले नाही, आणि आमच्या एका नातेवाइकाने सुचवले तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले.

याच ठिकाणी एक गोष्ट सांगून टाकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की खान्देशात लघवीची आग झाली, लाल झाली, तरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचे पाणी पाजले जाते. वेदना न होता लघवीतून रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण आहे, आणि फाईलवाले ते जमेल त्या अग्निशमन केंद्रावर जाऊन ओरडून सांगतात. या एका सूचनेसाठी तरी त्यांना प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा बोलवावे.

मुंबईच्या प्रवासाबाबत त्यांची माहिती अचूक आणि ताजी आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबत्याला त्याच श्रेणीत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्याचा कोरा नमुना फाईलमध्येच असतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गावांतून येणाऱ्यांनी जळगावला गाडी बदलताना जिन्याची चढउतार टाळावी म्हणून मध्ये किती वेळ ठेवावा, हेसुद्धा त्यांनी लिहून दिले होते. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिल्या दिवशी नोंदणी, रांगा आणि तपासण्या यांत माणूस पार गळून जातो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे राहण्यासाठी काय कागद लागतात, जागा नसेल तर त्या रात्री काय करायचे, समाजसेवा विभागाकडे कोणत्या टप्प्यावर जायचे, हे आधीच ठाऊक असल्याने आमची फरपट झाली नाही. त्या दोन्ही संस्थांचे ऋण मोठे आहे आणि त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहावे इतके ते काम आहे.

घरच्या माणसांकडे लक्ष देण्यात ही सेवा चांगली आहे, पण अर्धीच. वहिनींच्या मनात एक शंका रुतून बसली होती : एवढी वर्षे भाऊंचा काजळीने माखलेला गणवेश घरच्या कपड्यांतच धुतला, मुलांच्या अंगात काही गेले असेल का? नानांच्या पत्नी एकदा सोबत आल्या आणि त्यांनी याला खोटा दिलासा दिला नाही. काजळी घरात येते हे खरे आहे, म्हणूनच आता केंद्रावरच धुण्याची सोय मागतो आहोत, पण झालेल्याची गोधडी पांघरून बसू नका, असे त्या म्हणाल्या. वहिनी त्यानंतर कितीतरी दिवसांनी नीट झोपल्या. अडचण अशी की स्त्रियांशी बोलणारी अशी एकच व्यक्ती या सगळ्या मंडळींत आहे आणि तीही कोणाची तरी पत्नी म्हणून येते, तिला वेगळे काम म्हणून कोणी नेमलेले नाही. विधवा झालेल्या घरांना कुटुंब निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही, असे मला दोन घरांतून ऐकायला मिळाले.

नोकरीत असलेल्या तरुण जवानांसाठी त्यांनी जो स्वच्छतेचा पाठ बसवला आहे तो साधा आणि पटणारा आहे. आगीवरून परतताना बंबाजवळच, पोशाख अंगावर असतानाच, पाणी, भांडी घासण्याचा साबण आणि ब्रश घेऊन एकमेकांना घासायचे. अमेरिकेतील एका प्रयोगात या पद्धतीने पोशाखावरील काजळीतल्या घातक ‘अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन’ रसायनांचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. मान व हात लगेच पुसायचे, केंद्रावर पोहोचताच अंघोळ करायची, काजळीचा पोशाख केबिनमध्ये ठेवायचा नाही. आमच्या भागातील केंद्रांवर बादली आणि साबण एवढे तरी ठेवायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. मात्र पोशाखाचा दुसरा जोड आणि पुरेसे श्वसनसंच ही बाब साबणाने सुटणारी नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतींच्या मालकांकडून काय काय अपेक्षिले जाते ते पाहिले, आणि मग त्या इमारतीत शिरणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असते ते पाहिले, की संताप येतो. फाईलवाले हा संताप कागदावर आणत नाहीत. ते निवेदने देतात, आणि निवेदनांची भाषा फारच मऊ असते.

आता उणिवा. सगळी सेवा दोन-तीन जणांच्या मोबाइलवर चालते. त्यांतले एक स्वतः तपासणीला गेले की चार दिवस फोन लागत नाही, आणि नव्याने निदान झालेल्या घराला चार दिवस म्हणजे फार मोठा काळ असतो. अक्कलकुवा आणि धडगाव या सातपुड्यातील तालुक्यांपर्यंत त्यांचा हात नीट पोहोचत नाही. भिलोरी किंवा पावरी बोलणारा एकही सोबती त्यांच्याकडे नाही. प्रत्येक रुग्णाला त्याच्याच प्रकारच्या कर्करोगाचा सोबती देण्याचे तत्त्व चांगले असले तरी माणसे थोडी असल्याने ते जमतेच असे नाही : आम्हाला नाना मिळाले हे आमचे नशीब, पण रक्ताच्या कर्करोगाच्या एका तरुण जवानाला घशाच्या कर्करोगातून बरे झालेले गृहस्थ जोडून दिले गेले आणि दोघांची गाठ दोन भेटींपलीकडे गेली नाही. सर्वांत मोठी तक्रार कंत्राटी जवानांबाबत आहे. त्यांच्याकडे निवृत्तिवेतन नाही, वैद्यकीय प्रतिपूर्ती नाही, पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत असल्यास राज्य कामगार विम्याचा हक्क असू शकतो, पण ठेकेदाराने वर्गणी भरली आहे का हे आधी तपासावे लागते. फाईलमधील पैशाचा भाग कायम नोकरीतील माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे; कंत्राटी माणसासाठी त्यात वेगळे पान हवे, आणि आज धुरात सर्वाधिक जाणारा तोच आहे हे या मंडळींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हिशोबाबाबत माझी शंका नाही, कारण ते पैसे घेतच नाहीत. तरी आज ना उद्या कोणीतरी देणगी देईल, त्याआधी त्यांनी संस्था रीतसर नोंदवावी.

तारे द्यायचेच झाले तर सोबतीला पाचपैकी पाच, फाईलला साडेचार आणि पोहोचण्याला दोन देईन. ज्यांच्या घरी असे निदान झाले असेल त्यांनी जवळच्या अग्निशमन केंद्रावर जाऊन जुन्या जवानांपैकी कोणालाही विचारावे, निरोप पोहोचतो. ते येण्याआधी एक काम करून ठेवावे : जिथे गाठीचा तुकडा तपासला त्या प्रयोगशाळेतून फक्त अहवाल न घेता त्या तुकड्याच्या काचपट्ट्या (स्लाइड) आणि मेणाचे ठोकळेही (ब्लॉक) मागून घ्यावेत, पोचपावती जपावी आणि ते उन्हाच्या गाडीत न ठेवता हाताशी ठेवावेत. मुंबईत ते पुन्हा तपासले जातात, आणि ते नसले तर जळगावपर्यंतची एक फेरी वाढते.